गुरुवारची यादी

“तुम्ही चोर आहात,” पाळकबाई म्हणाल्या आणि हातातला पत्र्याचा डबा त्यांनी डीनसाहेबांच्या टेबलावर उपडा केला.

चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. वहीच्या पानांचे कपटे, बसच्या तिकिटांच्या पाठी, कागदी रुमालाचे चौकोन. काही काचेवर पसरल्या, काही साहेबांच्या मांडीवर गेल्या, एक त्यांच्या चहात पडली. साहेबांनी ती दोन बोटांनी उचलली, बशीत ठेवली आणि चष्मा काढून पुसायला घेतला.

“आणखी हव्यात? घ्या. अख्खा डबा घ्या. कुणाला तरी चोरून आणायला लावताय, त्याची तरी सुटका करा.”

“बसा, बाई.”

“बसायला नाही आले. आमच्या पोरांनी देवाला लिहिलेलं तुमच्या हातात कसं आलं, ते विचारायला आले. कुणी दिलं?”

शनिवारी सकाळी याच खोलीत, याच टेबलासमोर एका मुलीला उभं केलं होतं. वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाची, उंच, किडकिडीत. काखेत कायम एक लांब पट्टी, म्हणून सगळे तिला फूटपट्टीच म्हणत. साहेबांनी एका कागदावरून तिला चार ओळी वाचून दाखवल्या. त्या तिच्याच होत्या. बुधवारी तिने त्या नाव न घालता लिहिल्या होत्या आणि घडी करून या डब्यात टाकल्या होत्या.

‘जिन्याखालच्या आमच्या खोलीत दोन खाटा आहेत. त्यातली एक वर्षभर रिकामीच आहे. वॉर्डनबाई तपासणीला येणार असल्या की आम्ही दोघी ती चुरगाळून ठेवतो. देवा, एक दिवस असा दे की ती चुरगाळावी लागणार नाही.’

मुलींच्या वसतिगृहात जिन्याखाली खोली एकच. दुपारपर्यंत तिच्या मैत्रिणीचं सामान दुसऱ्या इमारतीत हललं. आणि साहेबांनी फूटपट्टीला सांगितलं की सोमवारी पाच वाजता मी तुझ्या वडिलांना फोन करणार. त्याआधी तूच सांगितलंस तर तुझ्याच भल्याचं.

तिचे वडील कसे, हे गोदामात सगळ्यांना माहीत होतं. थोरल्या बहिणीला कुणा मुलाबरोबर बागेत बसलेलं पाहिलं, असा एक फोन सहा वर्षांपूर्वी त्यांना गेला होता. ते त्याच दिवशी गाडी घेऊन आले आणि तिला कॉलेजातून घेऊन गेले. ती अजून घरातच आहे. दाराची कडी वाजली की आधी बापाच्या तोंडाकडे बघते आणि मग उठते. फूटपट्टीच्या परीक्षेला दोन महिने उरले होते.

गोदाम म्हणजे विद्यापीठाच्या टोकाला, जुन्या रसायनशाळेच्या मागची बुटकी, लांबोळकी इमारत. पूर्वी तिथे काचसामान आणि आम्लाच्या बरण्या ठेवत. अकरा वर्षांपूर्वी पाळकबाईंनी ती मागून घेतली. चर्चच्या मंडळीतल्या मोठ्या लोकांनी नाकं मुरडली. बाईमाणूस पाळक हेच त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं, त्यात ही बाई म्हणे कुणालाही आत घेणार. घेतलंच बाईंनी. देव मानणारे, न मानणारे, दुसऱ्याच देवाचे, चर्चमधून हाकललेले, घरातून हाकललेले, मुलांवर जीव लावणारी मुलं, मुलींवर जीव लावणाऱ्या मुली, आणि ज्यांना यातलं काहीच नको, फक्त गरम चहा हवा, तेही. दारावर पाटी होती: ‘या. जसे आहात तसे.’ आम्लाचा वास अजून भिंतीतून गेला नव्हता. प्रभुभोजनाच्या भाकरीलाही कधीकधी तो लागे, आणि पोरं म्हणत, ताई, आज देव जरा झणझणीत आहे.

बुधवारी संध्याकाळी सगळे गोल करून बसत आणि डबा फिरे. ज्याला देवाकडे जे मागायचं ते लिहायचं. नाव घालायचं नाही. मग पाळकबाई एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचत. ‘गणितात सुटू दे’पासून ‘मला जगायचा कंटाळा आलाय’पर्यंत सगळं त्या डब्यात पडे, आणि कोण बोललं हे कुणी विचारत नसे.

त्या डब्यात कुणाचा तरी हात गेला होता. पाळकबाईंनी शनिवारची दुपार आणि रविवारची पहाट एवढ्याच विचारात काढली, आणि खोटं कशाला सांगा, माणूसही शोधून काढला. ग्रंथालयातला बाइंडर. पन्नाशीचा, नखांत कायम वाळलेली खळ. चार वर्षं दर बुधवारी येई, शेवटच्या खुर्चीवर, नेमका डब्याच्या फळीशेजारी बसे, आणि कधी एक अक्षर बोलत नसे. त्याची मेव्हणी डीनच्या कचेरीत आहे, असं रविवारी सकाळी कुणीतरी सांगितलं. बाईंना दुसरा पुरावा लागला नाही. उपासनेच्या आधी, वीस जणांदेखत त्या त्याला म्हणाल्या, “तुम्ही उद्यापासून येऊ नका.”

अकरा वर्षांत त्या दारातून परत पाठवलेला तो पहिला माणूस. का, असंही त्याने विचारलं नाही. “बरं,” म्हणाला. टोपी उचलली. जाताना, आतल्यांना गार वारा लागू नये म्हणून, दार नीट लोटून घेतलं.

“कुणी दिलं म्हणजे?” डीनसाहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. माणूस चिडका नव्हता. चिडका असता तर बरं झालं असतं. आवाज चढवायची त्याला गरजच पडत नसे. “मला वाटलं, तुम्ही फोन थांबवायला आला असाल.”

“तेही आहे. आधी हे.”

“बरं, आधी हे.” त्यांनी घंटी दाबली. “त्या गुरुवारच्या फायली आणा. सगळ्या.”

लेखनिकबाई आल्या. हीच ती मेव्हणी, पाळकबाईंनी मनात म्हटलं आणि तिच्याकडे अशी नजर टाकली की दुसरी कुणी असती तर वितळली असती. लेखनिकबाईंनी मान वर केली नाही. चार जाड फायली त्यांनी चिठ्ठ्यांच्या पसाऱ्याशेजारी ठेवल्या.

“पहिली आधीच्या साहेबांच्या वेळची आहे,” त्या म्हणाल्या. “तीही आणली.”

फायलीच्या पाठीवर सुबक अक्षरात लिहिलं होतं: प्रार्थना. पाळकबाईंनी वरचीच उघडली. छापील कागद, भोकं पाडून नीट ओवलेले, वर तारीख. गुरुवार. पहिली ओळ: ‘प्रिय प्रार्थनासाथी, या आठवड्यात आपण यांच्यासाठी गुडघे टेकू या.’

हे वाक्य त्यांचं होतं. अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच ते तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलं होतं.

“दर गुरुवारी येतं,” साहेब म्हणाले. “सव्वादहाला. तुमच्याकडची माणसं वेळेची पक्की आहेत.”

पाळकबाई बसल्या. कुणी सांगितलं म्हणून नव्हे.

गुरुवारी सकाळी आत्या टाइप करत. आत्या म्हणजे शाळेच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या टायपिस्ट. गोदामात सगळ्यांच्याच आत्या. बुधवारच्या चिठ्ठ्या त्या कॉम्प्युटरवर उतरवत आणि घरी बसून प्रार्थना करणाऱ्या साठ-पासष्ट जणांना ईमेलने पाठवत. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या, शिक्षण संपवून दूर गेलेली मुलं, असे. या यादीचा एकच नियम होता आणि पाळकबाईंना त्याचा केवढा अभिमान: एकदा आलेलं नाव कापायचं नाही. कापाकापी इतरांनी करावी, आपण नाही. दोन बायका वारल्या तरी त्यांना दर गुरुवारी यादी जात होती. एकीच्या सुनेने ‘सासूबाईंना जाऊन सहा महिने झाले’ असं कळवलं, तेव्हा बाईंनी रविवारी ते हसत हसत सगळ्यांना सांगितलं. म्हणाल्या, बघा, आपली यादी थेट स्वर्गात पोचते!

पोचत होती ती इथे. दुसऱ्या मजल्यावर, उजव्या हाताला.

“पण हे तर... आधीच्या साहेबांना...”

“पत्ता खुर्चीचा आहे, बाई. माणसाचा नाही.”

आधीचे डीन म्हणजे भला म्हातारा. बायको आजारी होती तेव्हा एका बुधवारी गोदामात आले, मागे उभे राहिले, आणि जाताना म्हणाले, मलाही यादी पाठवत जा, मी घरी बसून करीन. पाळकबाईंना त्या रात्री झोप लागली नव्हती आनंदाने. चर्चने दारं लावली, आणि इथे खुद्द डीन गुडघे टेकतो! चार वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाला बाई हारही घेऊन गेल्या होत्या.

“मी कळवलं होतं,” लेखनिकबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. “दोनदा.”

त्यांनी दुसऱ्या फायलीतून एक पान बरोबर काढून समोर धरलं. ‘पूर्वीचे साहेब निवृत्त झाले असून हा पत्ता आता नव्या साहेबांकडे आहे. कृपया दुरुस्ती करावी.’ खाली आत्यांचं उत्तर: ‘कळवल्याबद्दल आभार. पाळकबाई म्हणतात, नव्या साहेबांचंही मनापासून स्वागत आहे.’

बाईंना तो दिवस आठवला. कपबश्या विसळत होत्या. आत्यांनी आतून ओरडून विचारलं, आणि त्यांनी नळ बंद न करताच उत्तर दिलं होतं, “नवे साहेब आले का? राहू द्या की त्यांनाही. त्यांना काय देव नको?” सगळे हसले होते. त्याही हसल्या होत्या.

पायाखालची वाळू सरकते म्हणतात. बाईंच्या पायाखाली वाळू नव्हती, चांगली पुसलेली फरशी होती, आणि ती तसूभरही हलली नाही. पंखा फिरत होता. चहावर साय धरत होती. सगळं जागच्या जागी होतं.

त्यांनी पानं उलटायला सुरुवात केली. कुठेकुठे लाल पेन्सिलीची रेघ होती, पट्टी धरून मारलेली.

“या रेघा कशाच्या?”

“ज्यात काही करता येण्यासारखं होतं, त्या.”

‘परीक्षेत कागद नेला होता. पकडला गेलो नाही, पण झोप लागत नाही.’ रेघ. संख्याशास्त्राचा तो ठेंगणा मुलगा. तीन वर्षं परीक्षेला बसायचं नाही असं सांगून काढला, कसं कळलं कुणास ठाऊक, असं तो रडत सांगत होता. गोदामाने त्याच्यासाठी निरोपाचं गाणं म्हटलं होतं. ‘मला दिवस गेलेत. उपाहारगृहात इतक्यात कुणाला कळू नये.’ रेघ. भांडी घासणारी ती हसरी बाई; महिना उलटायच्या आत तिच्या जागी दुसरी आली होती. ‘सरांनी माझ्या प्रबंधातला भाग स्वतःच्या नावावर छापला. त्यांच्याविषयीचा राग माझ्या मनातून काढून टाक.’ रेघ. त्या मुलीचे मार्गदर्शक आठवड्याभरात बदलले होते, आणि पुढे ती स्वतःच विद्यापीठ सोडून गेली.

प्रत्येक रेघेनंतरच्या आठवड्याचं पान बाईंनी उलटून पाहिलं. पाहायला नको होतं. ‘आपल्या उपाहारगृहातल्या ताईंचं काम अचानक गेलं, त्यांच्यासाठी.’ ‘आपला संख्याशास्त्रवाला मित्र घरी गेला, त्याच्यासाठी.’ तेही यादीत होतं. तेही गुरुवारी सव्वादहाला इथेच आलं होतं. त्या ओळींना रेघ नव्हती. त्यात करण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

आपलेच दात, आपलेच ओठ.

“हे बघा,” साहेबांनी तिसरी फाइल स्वतःकडे ओढली आणि एक पान उघडून फिरवलं. तिथे दोन रेघा होत्या. ‘गोळ्या साठवतोय. चाळीस झाल्या. कुणी थांबवणार असेल तर लवकर थांबवा.’

ती चिठ्ठी बाईंना पाठ होती. ती वाचताना त्यांचा आवाज फुटला होता. आणि शनिवारी बातमी आली होती की मुलांच्या वसतिगृहात डॉक्टर खोलीखोलीतून फिरले आणि एका मुलाला वेळेत गाठलं. गोदामात त्या संध्याकाळी मेणबत्त्या लावल्या होत्या. देवाने ऐकलं, असं बाईंनी स्वतः, याच तोंडाने सांगितलं होतं.

“एकशेऐंशी दारं ठोठावली आम्ही,” साहेब म्हणाले. “त्याची आई अजून पत्र पाठवते मला. तुम्ही काय केलं होतंत, बाई, त्या चिठ्ठीचं?”

“प्रार्थना.”

“अस्सं.”

“कुणाची ते माहीत नव्हतं. आम्ही विचारत नाही कुणाला.”

“मी विचारलं.”

बाई पुन्हा उसळल्या, पण आता त्या उसळण्यात मघाचा दम नव्हता. “हे तुमच्यासाठी नव्हतं, साहेब. पहिल्याच ओळीत कळलं असेल तुम्हाला.”

“कळलं.”

“तरी वाचलंत. चार वर्षं.”

“स्वागत आहे, असं लिहिलंत की तुम्ही.”

“त्या मुलीने कुणाचं काय बिघडवलं? सांगा ना.”

“वसतिगृहाचे नियम आहेत.”

“खाट चुरगाळायची नाही, असा?”

साहेबांच्या ओठाचा कोपरा हलला. पण ते हसू नव्हतं; हिशेबी माणूस गिऱ्हाइकाला बसायला सांगतो तसं काहीतरी होतं. त्यांनी चिठ्ठ्यांच्या पसाऱ्यातून स्वतःचा पेन शोधून काढला आणि टोपण लावलं.

“मी फोन करणार नाही,” ते म्हणाले. “त्या दोघींनी उरलेले महिने वेगवेगळ्या इमारतीत काढावेत, विषय संपला. घरी एक शब्द जाणार नाही. पण यादी थांबवायची नाही. जशी येते तशी येऊ द्यायची. दर गुरुवारी.”

बाईंना आधी वाटलं, आपल्या कानांचा काही घोटाळा आहे.

“आणि पोरांना काय सांगू?”

“नव्याने काय सांगायचंय? यादी साठ-पासष्ट घरी जाते, हे त्यांना तुम्ही सांगितलंच असेल ना?”

बाई पहिल्या वर्षी दर बुधवारी सांगत. मग कधीकधी. मग ते सगळ्यांना माहीतच आहे, असं धरून चालल्या. मुलं तर दर वर्षी नवी येत होती.

“आणि नाही म्हटलं तर?”

“तर मी माझं काम करीन. पालकांना कळवणं हेही माझं कामच आहे. आणि गोदामाची जागा विद्यापीठाची आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको.” त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. “फोन आज पाचला आहे. आता एकही वाजलेला नाही.”

“वेळ द्या मला.”

“दिला. पाचपर्यंत.”

चिठ्ठ्या गोळा करायला बाई फरशीवर गुडघ्यांवर बसल्या. लेखनिकबाईही वाकल्या आणि टेबलाखालच्या काढून देऊ लागल्या. साहेब फोनवर दुसऱ्याच कुणाशी खिडकीच्या काचांबद्दल बोलू लागले होते. तेव्हा लेखनिकबाई हळूच म्हणाल्या, “काल आमचे भावजी आले होते घरी. बाइंडर.”

बाईंचा हात थांबला.

“काही बोलले नाहीत. एवढंच विचारत होते की बुधवारी संध्याकाळी लोक काय करतात म्हणून.” त्यांनी शेवटची चिठ्ठी डब्यात टाकली. “मी कधी त्यांना या फायलींबद्दल सांगितलं नाही. कचेरीतलं घरी नेत नाही मी.”

बाईंना तिच्या तोंडाकडे बघवलं नाही. झाकण लावताना ते दोनदा तिरकं बसलं.

फूटपट्टी खाली, सूचनाफलकाखालच्या बाकावर बसली होती. तास सुटल्याची घंटा झाली होती आणि मुलांचा लोंढा बोळातून वाहत होता. कुणी हाक मारली तर ती मान हलवे, पुन्हा जिन्याकडे बघे. शनिवारपासून तिने केस विंचरलेले दिसत नव्हते. पाळकबाई उतरताना दिसल्या तशी ती उठली आणि पट्टी छातीशी धरली.

“सापडला? चोर?”

“बस.”

“म्हणजे बाइंडरकाकाच ना? मला खरंच वाटलं नव्हतं हो. गेल्या हिवाळ्यात त्यांनी माझ्या नकाशांची वही शिवून दिली होती, फुकट—”

“काका नाहीत.” बाई शेजारी बसल्या. डबा दोघींच्या मध्ये ठेवला, मग उचलून पलीकडे ठेवला. लोंढा ओसरेपर्यंत थांबल्या. आणि मग सांगितलं. आडपडदा ठेवला नाही, एवढं त्यांच्या बाजूने म्हणायला हवं. यादी, आत्या, खुर्चीचा पत्ता, स्वागत, लाल रेघा. सगळं.

मुलगी ऐकत होती, पण मध्येच कुठेतरी अडकली होती.

“थांबा. माझी चिठ्ठी बाहेर गेली? आपल्या गोलाच्या बाहेर?”

“हो.”

“दर वेळी जाते? सगळ्यांच्या?”

“हो. प्रार्थनेसाठी. मी सांगत असे पूर्वी...”

“मला नाही सांगितलं.”

“नाही.”

तिने पट्टी मांडीवर आडवी ठेवली. “पण नाव नव्हतं माझं.”

“नव्हतं. जिन्याखालची खोली होती.” बाईंनी पुढचं सांगितलं नसतं तरी कुणाला कळणार नव्हतं. “आत्या तो शब्द काढत होत्या. त्या नेहमी काढतात असं काही असलं तर. खोली, गाव, विषय. मीच म्हटलं, राहू दे. एकही शब्द बदलू नका म्हटलं.”

“का?”

“फार सुंदर लिहिलं होतंस.”

मुलगी हसली. तोंड उघडं, आवाज नाही, डोळे कोरडे. कुणी कानफटात मारल्यावर माणूस क्षणभर हसल्यासारखा दिसतो, तसं. समोरून जाणाऱ्या दोन मुली ते बघून वेग वाढवून पुढे गेल्या. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवायला हात उचलला आणि तो तसाच हवेत धरून परत घेतला.

“आणि फोन?” मुलीने विचारलं. “त्याचं काय झालं? बाबांना करणार का ते?”

बाईंनी साहेबांची अट सांगितली. सांगताना त्यांचा आवाज हळूहळू पाळकाचा होत गेला. शांत, ऐसपैस, कुणाच्याही दुःखाला जागा करून देणारा. तो आवाज कमवायला त्यांना पंचवीस वर्षं लागली होती. अट सांगून झाल्यावरही तो थांबला नाही.

“मी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. तुझ्याशी बोलल्याशिवाय मी कशी काही ठरवीन? हे तुझं आयुष्य आहे, बाळ. मी माझं मत तुझ्यावर लादणार नाही. तू म्हणशील तसं. तू जे ठरवशील त्यात मी तुझ्याबरोबर—”

“थांबा.”

मुलगी नखाने पट्टीवरच्या खुणा मोजल्यासारखं करत होती. एक, दोन, तीन. परत एक.

“म्हणजे मी म्हणायचं, यादी चालू ठेवा. मग परवा कुणीतरी नवीन मुलगी येईल, पाटी वाचून. चहा घेईल. लिहील काहीतरी. तुम्ही ते वाचाल, मी ऐकेन, आणि मला माहीत असेल की ते गुरुवारी कुठे जाणार आहे.”

“तसं नाही...”

“नाहीतर मी म्हणायचं, करू दे बाबांना फोन. ते रात्रीपर्यंत इथे पोचतील. आणि मग माझ्या ताईशेजारी मी.” तिचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बाईंना काहीतरी करता आलं असतं. “हे मी ठरवायचं? यादी माझी आहे? तो पत्ता मी घातला?”

“नाही ग. मी फक्त विचारलं...”

“वरून खाली जिना उतरून आलात तुम्ही. वर एका शब्दात सांगता आलं असतं. काहीही. हो नाहीतर नाही. ते न सांगता माझ्याकडे आलात.”

बोळ आता रिकामा होता. दूर कुणीतरी बादली ओढत होतं. पाळकबाईंनी डब्याच्या झाकणावर दोन्ही हात ठेवले होते, जणू ते उघडेल.

“मला विचारायला आलात, ताई, की माझ्या तोंडून म्हणवून घ्यायला?” मुलगी म्हणाली. “खाली नका बघू. माझ्याकडे बघून सांगा.”